टीचरांचा पियानो आणि माझी हाक

लातूरच्या गंजबाजारात एखादी टोळी जड सामान उचलत असली आणि कुणी ‘एक, दोन, हाव!’ अशी हाक दिली, की आजही माझा उजवा खांदा आपोआप वर जातो. हातात भाजीची पिशवी असते, गुडघ्याला पट्टा बांधलेला असतो, पण मी, हमीदभाई, आता घरी बसलोय हे खांद्याला कुणी सांगितलेलं नाही. बायको म्हणते, "लोक बघून राहिले, खांदा खाली करा." मी करतो. त्या हाकेसाठी जीव किती तुटतो, ते मात्र तिला सांगत नाही.

माझं काम जड सामान हलवायचं. पोती वाहणारे हमाल वेगळे आणि आम्ही वेगळे, हे आधीच सांगून टाकतो, कारण बाहेरच्या माणसाला सगळे सारखेच दिसतात. पोतं एकट्याच्या पाठीवर जातं. डाळ मिलची मशीन, तिजोरी, जनरेटर, पिठाची गिरणी ही एकट्याची कामं नव्हेत. त्याला पाच जणांची टोळी लागते, आणि टोळीला एक मुकादम लागतो, म्हणजे हाक देणारा. आधी माझे अब्बा मुकादम होते, त्यांच्यानंतर मी झालो.

अब्बा म्हणायचे, "बोझा हात से नै उठता बेटा, आवाज से उठता." टोळीत आल्यावर पहिल्या महिन्यातच मला ते कळलं. पाच पैलवान पाच वेगवेगळ्या क्षणी जोर लावतील तर सगळं वजन एकाच्या कमरेवर येतं. पाच मरतुकडे एका दमात उचलतील तर तिजोरीही हलते. म्हणून आमचा कायदा एकच होता, एका बोज्याला एकच हाक. ‘एक’ला हात लावायचा, ‘दोन’ला दम धरायचा, ‘हाव’ला उचलायचं. मध्ये घरमालक ओरडो नाहीतर फौजदार ओरडो, मुकादमाच्या हाकेशिवाय बोट हलवायचं नाही.

आणि ओरडणारे तर फार. एका शेठजींची तिजोरी जुन्या दुकानातून नव्यात न्यायची होती. रिकामी करून द्या म्हटलं तर नाही, किल्ली द्या म्हटलं तर नाही. भरल्या तिजोरीचा मुठीएवढा दांडा हातात धरून शेठजी आमच्या गाड्याबरोबर अख्ख्या बाजारातून चालले. पोळ्याच्या दिवशी बैलाला मिरवतात तसा थाट! दर दहा पावलांना म्हणायचे, "हमीद, हळू, आत काच हाय." तिजोरीत काच कशाला ठेवली होती, ते मी आजतागायत विचारलं नाही.

दुसऱ्या एका घरात लोखंडी कपाट आत गेल्यावर मालकानं हौसेनं दाराशी भिंत घातली. वीस वर्षांनी कपाट बाहेर काढायला आम्हाला बोलावलं. मी टेप लावला आणि म्हणालो, "साहेब, कपाट इथं राहील किंवा भिंत." साहेबांनी दोन दिवस विचार केला आणि कपाट ठेवून घर विकलं. आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. वस्तू घरात येते तेव्हा ती कधीतरी बाहेर जाईल, हे कुणाच्या मनात येत नाही.

पियानोचं तसंच झालं.

लातुरात पियानो किती असतील? मी तर आयुष्यात एकच पाहिला, लीलाटीचरांचा. टीचर म्हणजे मिशनच्या शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई. साऱ्या गल्लीत त्यांना टीचरच म्हणत. त्यांचं घर दुमजली, त्या वर राहायच्या आणि खाली कोचिंग क्लाससाठी बाहेरगावाहून आलेली पोरं भाड्यानं. उदगीरहून एक पाद्रीसाहेब परत आपल्या देशी गेले तेव्हा त्यांनी पियानो टीचरांना दिला होता. तो वरच्या मजल्यावर चढवला अब्बांच्या टोळीनं. मी तेव्हा मिसरूड फुटलेला, सगळ्यात मागे धरणारा गडी. अब्बांच्या हाकेवर तो सतरा पायऱ्या अशा चढला की टीचर म्हणाल्या, "भाई, तुम्ही तर ताल धरलात." अब्बांना ते इतकं आवडलं की मरेपर्यंत सांगत राहिले.

त्यानंतर कित्येक वर्षं मी त्या गल्लीतून गाडा ओढत जायचो. संध्याकाळी वरून पियानो ऐकू यायचा आणि त्याच्यावर टीचरांचा आवाज, "एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार." समोर कुणी ना कुणी शिकत असायचं. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण मी गाडा हळू करायचो आणि मागच्याला वाटायचं हमीद दमला.

मग टीचर एकट्या पडल्या. यजमान गेले, मुलगी पुण्यात, गुडघे साथ देईनात. घर विकलं. घेणाऱ्याला पाडून तिथं होस्टेल बांधायचं होतं. मुलीच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये टीचर मावत होत्या, पियानो मावत नव्हता. नांदेडला टीचरांची एक जुनी विद्यार्थिनी आहे, सुनंदाताई, घरी मुलांना गाणं शिकवते. तो तिला द्यायचा ठरलं. आणि टीचरांनी मला बोलावलं.

"हमीदभाई, तुमच्या वडिलांनी चढवला. तुम्ही उतरवा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या हाती मी देणार नाही. उतरवताना फुटला तर मला सांगू नका, पण फुटू देऊ नका."

मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. आणि तिथंच मी टीचरांशी पहिला खोटेपणा केला.

कारण माझी हाक गेली होती. डाळ मिलमधली धूळ आणि तीस-पस्तीस वर्षांचं ओरडणं, दोन्ही घशाला लागलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाज जपा, नाहीतर उरलाय तोही जाईल. मी गालात ज्येष्ठमधाची काडी धरायचो आणि टोळीला सांगायचो, खोकला झालाय. दोन वर्षं माझा खोकला चालला होता. ‘एक, दोन’ कसंबसं निघायचं, ‘हाव’च्या वेळी नुसती हवा यायची. तरी काम चालत होतं. कसं चालतंय याचा मी कधी विचार केला नाही, कारण विचार केला असता तर मुकादमी सोडावी लागली असती.

आता पियानो कसा काढायचा ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दिसायला ते लाकडी कपाट आहे, पण त्याच्या पोटात लोखंडाची जाडजूड चौकट असते आणि तारा तिच्यावर ताणून बसवलेल्या असतात. टीचरांचा पियानो अडीच क्विंटलचा असेल. खाली पितळी चाकं होती, पण ती शोभेचीच समजायची. त्यांच्यावर भरवसा ठेवून ढकलला की पाय मोडतो. झाकण बंद करून दोरीनं बांधायचं, चहूकडून गोधड्या गुंडाळायच्या, खालून रुंद पट्टे घालायचे. आडवा पाडायचा नाही, उभाच न्यायचा. जिन्यात दोघं वर, दोघं खाली, आणि खाली सगळ्यात भरवशाचा माणूस. एका हाकेला एक पायरी. त्यापेक्षा जास्त लोभ धरायचा नाही.

खाली मी श्रीपतीला ठेवलं. किल्लारीकडचा, घरचं शेत करून आमच्याकडे येणारा. माणूस म्हणजे खांब, आणि जिभेला हाड नाही. पियानो बघून तो म्हणाला, "हमीदभाई, ह्यो तर पालथ्या घातलेल्या म्हशीगत जड हाय. आन् टीचर त्येला रोज वाजवत हुत्या व्हय?"

सकाळी उन्हाच्या आत काम धरलं. टीचरांनी गोधड्या स्वतःच्या घरातल्या काढून दिल्या, भाड्याच्या घेऊ दिल्या नाहीत. गुंडाळण्याआधी झाकण उघडलं, एक पट्टी दाबली, आवाज विरेपर्यंत थांबल्या आणि झाकण लावलं. म्हणाल्या, "तुमच्या वडिलांची हाक चौकापर्यंत ऐकू गेली होती. आज पुन्हा ऐकायला मिळेल." मी ज्येष्ठमधाची काडी जोरानं चावली.

मी सगळ्यात खाली, जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिलो. माझ्यापुढे श्रीपती आणि त्याचा जोडीदार, त्यांच्यावर पियानो, आणि पियानोच्या पलीकडे वरचे दोघे. टीचर दाराशी, चौकटीला धरून. पहिल्या चार पायऱ्या निघाल्या. प्रत्येक पायरीला गोधड्यांच्या आतून तारांचा बारीक गुंजारव यायचा, घरात कुणा म्हाताऱ्या माणसानं कण्हावं तसा.

पाचव्या पायरीला मी ‘एक’ म्हणालो, ‘दोन’ म्हणालो, आणि मला खोकला आला.

त्याच वेळी वरून टीचरांचा स्वच्छ आवाज आला, "तीन."

त्यांना कळलंही नसेल. सारा जन्म एक-दोननंतर तीन म्हणण्यात गेलेला. वरच्या दोघांनी त्या आवाजावर भार सोडला. खालचे दोघे अजून दम धरून होते. पियानो पुढे झुकला आणि सगळाच्या सगळा श्रीपतीच्या खांद्यावर आला. त्याचा अंगठा पट्ट्यात सापडला, पाठ भिंतीवर आपटली, पण गडी हलला नाही. मी धावत जाऊन कोपऱ्याखाली खांदा घातला. वरच्यांनी कसाबसा ओढून धरला आणि आम्ही पियानो त्या पायरीवर टेकवला, मागून लाकडी ठोकळे लावले. कोपऱ्याचा रुपयाएवढा टवका उडाला होता. दुसरं काही झालं नव्हतं.

श्रीपती अंगठा मुठीत धरून वर बघून ओरडला, "टीचर, गप ऱ्हावा की वो! मान्सं मरत्याल!"

टीचर पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, "माझंच चुकलं. मी कशाला बोलले? हमीदभाई, माझंच चुकलं." आणि त्या दारातच खाली बसल्या.

मी गप्प राहिलो. लिहितानाही लाज वाटते, पण राहिलो. मनात आलं, बरं झालं, दोष टीचरांवर गेला, हाक वाचली. दोन मिनिटं असतील. श्रीपतीनं अंगठ्याला फडकं बांधलं तेवढा वेळ. त्या दोन मिनिटांत सत्तरी ओलांडलेली बाई पदरानं डोळे पुसत होती आणि मी भिंतीकडे बघत होतो.

मग गोधडीच्या आत एक तार आपोआप वाजली. वजन बसताना लाकूड कुरकुरतं, त्यातलं काही असेल. पण मला अब्बा आठवले. याच जिन्यात त्यांची हाक घुमली होती, आणि त्यांचा पोरगा चोरासारखा उभा होता.

मी पियानोच्या कडेनं अंग चोरत चार पायऱ्या चढून गेलो आणि म्हणालो, "टीचर, चूक तुमची नाही. माझा घसा गेलाय. मला आता हाक देता येत नाही. दोन वर्षं झाली, मी सगळ्यांपासून लपवून राहिलोय."

टोळी चिडेल असं वाटलं. पण श्रीपती खाली मान घालून बोलला, "आमाला म्हाईत हाय की."

"काय म्हाईत हाय?"

"आवाज न्हाई ते. दोन वर्सं झाली, आमी तुमच्या वठाकडं बघून उचलून ऱ्हायलो. आज वरच्यास्नी तुमचं त्वांड दिसलं न्हाई, मधी पियानो आडवा आला. म्हून झालं ह्ये."

मी खालीच बसलो. दोन वर्षं हे चौघे माझ्या ओठांवर नजर ठेवून मशीन उचलत होते, जनरेटर चढवत होते, आणि मला वाटत होतं माझी हाक चालतेय! एकानं शब्द काढला नव्हता. श्रीपतीसारखा तोंडाळ माणूसही नाही. मला त्या वेळी रडू आलं, ते अजून आठवलं की येतं.

पण पियानो अर्ध्या जिन्यात उभा होता आणि ऊन चढत होतं. तो वर नेता येत नव्हता, खाली माझ्या हाकेवर येत नव्हता. वरच्या दोघांना आणि खालच्या दोघांना, सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज तिथं एकाच माणसाचा होता.

मुकादमी अशी कुणी कुणाला देत नाही. अब्बांनी मला दिली ती अंथरुणावर पडल्यावर. मी पागोटं बांधत नाही, नाहीतर काढून ठेवलं असतं. मी टीचरांपुढे गेलो आणि म्हणालो, "टीचर, आता तुम्ही मोजा. तुमच्या सवयीनं मोजा. आम्ही चारवर उतरवू."

"नको हो," त्या म्हणाल्या. "पुन्हा काही झालं तर?"

"व्हणार न्हाई," श्रीपती खालून म्हणाला. "तुमी निस्तं मोजा. मगाशी आवाज लई साफ आला बगा. त्येच्यानंच तर घात झाला."

टीचर उठल्या. चौकट सोडली, सरळ उभ्या राहिल्या. कितीतरी वर्षांनी त्यांच्यापुढे वर्ग बसला होता.

"एक. दोन. तीन. चार."

पियानो एक पायरी उतरला. धक्का लागला नाही. आमच्या ‘हाव’मध्ये झटका असतो, मशीनला तो चालतो. टीचरांच्या मोजण्यात झटका नव्हता. तीन जरासं लांबवायच्या, आणि चार येईपर्यंत आमचे हात आपोआप तयार व्हायचे. बारा पायऱ्या उरल्या होत्या. बारा वेळा त्यांनी मोजलं. खालची भाड्याची पोरं पुस्तकं हातात घेऊन दारात उभी होती, कुणी हसलं नाही. शेवटच्या चारला पियानो फरशीवर टेकला आणि टीचर वरूनच म्हणाल्या, "शाब्बास."

टेम्पोत तो केबिनच्या पाठीला लावून उभा बांधला. टीचर गाडीपर्यंत आल्या नाहीत. जिन्याच्या वरच उभ्या राहून म्हणाल्या, "मी नांदेडला येत नाही. दुसऱ्याच्या घरात मला तो बघवणार नाही. पोचला की फोन करा." दुसऱ्या दिवशी त्यांची पुण्याची गाडी होती.

अहमदपूरला चहा, लोह्याला पाणी. आम्ही मागे पियानोला टेकून बसलो होतो. गतिरोधक आला की आतून गुंजारव व्हायचा आणि श्रीपती म्हणायचा, "हाव हाव, आलं नांदेड." तो माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त बोलत होता, माझ्या घशाबद्दल सोडून सगळ्याबद्दल.

सुनंदाताईंचं घर तळमजल्याचं, पण ओट्याला पाच पायऱ्या. आता चढवायचा होता. सगळ्यांनी पट्टे धरले. वरच्या दोघांच्या आणि माझ्या मध्ये पुन्हा पियानो. सवयीनं मी तोंड उघडलं. रस्त्याची धूळ खाऊन आवाज पुरताच बसला होता, ‘एक’सुद्धा निघेना. चौघे थांबून राहिले. कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

"टीचरला फोन लावा," श्रीपती म्हणाला.

मी लावला. एक घंटी पुरी वाजली नाही तोच त्यांनी उचलला. फोन मांडीवर घेऊनच बसल्या असतील. मी घोगऱ्या आवाजात सांगितलं, पाच पायऱ्या आहेत, चढवायचा आहे. मग फोनचा आवाज मोठा केला आणि हात उंच करून धरला.

"तयार?" टीचरांनी लातुरातून विचारलं.

"हाव," चौघे म्हणाले.

"एक. दोन. तीन. चार."

पाच पायऱ्या झाल्या. मग ओटा, मग उंबरा, मग बैठकीतला कोपरा. प्रत्येक चारला पियानो हातभर पुढे जात होता. शेवटच्या चारला तो भिंतीशी टेकला. आम्ही पट्टे काढले, हात झटकले, घाम पुसला. काम झालं होतं.

टीचरांना ते दिसत नव्हतं. त्या मोजतच होत्या. "एक. दोन. तीन. चार."

पियानो पोचला, आता थांबा, हे सांगायचं काम माझं होतं. मी फोन तोंडाजवळ आणला. आणि माझ्याच्यानं सांगवेना. थांबा म्हटलं की त्यांचा पियानो गेला. मी सुनंदाताईंकडे बघितलं. ताईंनी गोधडीची दोरी सोडली, झाकण उघडलं आणि उभ्याउभ्याच दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले.

पुढच्या ‘एक’ला सूर आला. प्रवासात दोन-चार तारा उतरल्या होत्या, मलाही कळलं. टीचरांचा आवाज क्षणभर अडला. मग त्यांनी पुन्हा धरला, "दोन. तीन. चार." आणि मोजत राहिल्या.

मी फोन पियानोवर ठेवला आणि बाहेर येऊन श्रीपतीशेजारी पायरीवर बसलो. त्याच्या अंगठ्याचं फडकं लाल झालं होतं. तो दुसऱ्या हातानं मांडीवर हळूहळू चार बोटं टेकवत होता. आतलं मोजणं थांबेपर्यंत आम्ही कुणी टेम्पोकडे गेलो नाही.